रायफलीची बैठक

स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिम्पिकमधलं ब्राँझपदक म्हटलं की अंतिम फेरीतले 451.4 गुण आठवतात. माझ्या मते खरा थरार आदल्या दिवशीच्या आकड्यात आहे. 31 जुलै 2024, शातोरूचं नेमबाजी केंद्र, 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सची पात्रता फेरी. साठ गोळ्या: वीस गुडघा टेकून, वीस पालथं पडून, वीस उभं राहून. कमाल गुण 600. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या या पोरानं 590 मारले आणि सातव्या क्रमांकानं तो आठ जणांच्या अंतिम फेरीत शिरला. त्याच फेरीत त्याचा सहकारी ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर 589 वर थांबला आणि अकरावा येऊन बाहेर राहिला.

हा एक गुण फूटपट्टीनं मोजता येतो. 50 मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं आणि पॉइंट टू टूची गोळी 5.6 मिलिमीटर जाड. भोकाची कड रेषेला नुसती शिवली तरी वरचा गुण पदरात पडतो. त्यामुळे गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून 8 मिलिमीटरच्या आत असेल तर दहा, त्यापलीकडे गेला की नऊ. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. तिथे दर 0.8 मिलिमीटरला एक दशांश जातो. आता हाच हिशेब उलटा, नळीच्या तोंडापाशी आणून मांडू. मॅच रायफलीची नळी साधारण 690 मिलिमीटर लांब. ती मागच्या टोकाशी घट्ट रोवलेली आहे असं धरलं, तर 50 मीटरवर 0.8 मिलिमीटरचा फरक पडायला नळीचं तोंड 11 मायक्रॉन हललं तरी पुरे. म्हणजे एका मिलिमीटरचे नव्वद भाग करून त्यातला एक.

नेमबाजाचा श्वास, नाडी, मन, ध्यान यांवर आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. या 11 मायक्रॉनांच्या वाटेत येणाऱ्या एका जोडाबद्दल मात्र रेंजवरच्या कुजबुजीपलीकडे फारसं ऐकू येत नाही. रायफलीचे मूळ भाग दोनच: नळी आणि ॲक्शन मिळून झालेला पोलादी भाग, आणि तो ज्यात बसतो तो दस्ता, म्हणजे नेमबाजांच्या भाषेतला स्टॉक. ॲक्शन म्हणजे नळीच्या मागचा तो जड दंडगोल, ज्यात बोल्ट सरकतो, काडतूस बसतं आणि ट्रिगर लटकतो. दोन भागांना धरून ठेवतात खालून वर जाणारे एक, दोन, क्वचित तीन स्क्रू. पोलाद स्टॉकमधल्या खाचेत जिथे टेकतं ती जागा म्हणजे बैठक, आणि ती बिनचूक करण्याच्या कामाला म्हणतात बेडिंग.

पाटा डुगडुगत असेल तर कितीही जोर लावा, वाटण नीट होत नाही. एका कोपऱ्याखाली पोत्याची घडी सरकवली की काम सुरू होतं. बेडिंगची तक्रार अशीच असते. फरक एवढाच की रायफल डुगडुगताना दिसत नाही. स्क्रूंनी तिला आवळलेलं असतं, आणि खाच सरळ नसेल तर आवळताना पोलादच वाकतं. ॲक्शनचं पोट मधे टेकलं आणि टोकं अधांतरी असली, तर दोन्ही स्क्रू मिळून तिला केळ्यासारखी वाकवतात. डोळ्याला काही कळत नाही, बोल्ट मात्र किंचित जड चालायला लागतो.

इथे चाणाक्ष वाचक हटकेल. समोरची साइट नळीच्या तोंडाशी, मागची ॲक्शनवर. दोन्ही पोलादालाच जोडलेल्या. मग पोलाद स्टॉकमध्ये जरा सरकलं म्हणून बिघडलं कुठे? साइटही त्याच्याबरोबर सरकली, नेमबाजानं पुन्हा नेम धरला, झालं! शंका रास्त आहे, आणि बेडिंगबद्दल छातीठोक बोलणाऱ्या अनेकांना तिचं उत्तर देता येत नाही.

उत्तराचा पहिला भाग असा, की ट्रिगर सुटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंतच्या काळात नेमबाजाच्या हातात काही उरत नाही. नेम धरून झालेला असतो. त्यानंतर फायरिंग पिन आदळते, दारू पेटते, गोळी नळीतून सरकते, नळी थरथरते आणि अख्खी रायफल मागे ढकलली जाते. साइटनं जे दाखवलं ते या सगळ्याच्या आधीचं. गोळी जाते ती या सगळ्याच्या नंतर नळीचं तोंड ज्या दिशेला असेल त्या दिशेनं. प्रत्येक गोळीला ही उलथापालथ तंतोतंत तशीच झाली तर काही बिघडत नाही. साइटला दोन क्लिक द्यायच्या आणि विसरायचं. ती दर वेळी वेगळी झाली की ग्रुप, म्हणजे कागदावरचा भोकांचा झुबका, फुटतो. दुसरा भाग असा, की वाकलेल्या ॲक्शनचा वाक रोज सारखा राहत नाही. मागची साइट किंवा दुर्बीण त्या वाकावर बसलेली असते, त्यामुळे तिचं नळीशी असलेलं नातंच हवामानाबरोबर बदलत राहतं. सकाळी शून्य केलेली रायफल दुपारी अर्धा गुण डावीकडे मारते आणि खेळाडू आपल्या खांद्याला दोष देतो.

किती वेळ चालतं हे? मोठ्या रायफलीत गोळी साधारण एका मिलिसेकंदात बाहेर पडते. पॉइंट टू टूची गोळी आळशी. तिला नळी पार करायला अडीच-तीन मिलिसेकंद लागतात. म्हणजे मोठ्या रायफलीचा दणका कितीतरी जास्त असला, तरी या छोटीच्या नळीला थरथरायला, हलायला वेळ अधिक मिळतो. 'पॉइंट टू टूला कुठला आलाय धक्का' असं म्हणणाऱ्यांसाठी एक सोपं गणित आहे. गोळी 2.6 ग्रॅमची, रायफल साडेसहा किलोची, म्हणजे गोळीच्या अडीच हजार पट. गोळी 690 मिलिमीटर पुढे जाते तेव्हा रायफल त्याच्या अडीच हजाराव्या भागाइतकी मागे येते: पाव मिलिमीटरहून थोडी जास्त. खांद्याला हा धक्का नुसत्या टपलीसारखा लागतो. पण आपण 11 मायक्रॉनांची चर्चा करतो आहोत, आणि हे पाव मिलिमीटर त्याच्या वीसपटीहून मोठं आहे. एवढ्या प्रवासात पोलाद एकदा स्टॉकला धरून सरळ मागे आलं आणि एकदा खाचेत किंचित घसरून तिरकं आलं, तर फरक कागदावर उमटणारच.

या छोट्या काडतुसाची एक खोड इथेच सांगायला हवी, कारण बेडिंगचं वेड रिमफायरवाल्यांना इतकं का, ते तिच्यात आहे. फ्रान्समध्ये 1845 च्या सुमारास फ्लोबेर यानं घरात खेळायच्या बंदुकीसाठी केलेली टिकली, 1857 मध्ये स्मिथ अँड वेसनचं पॉइंट टू टू शॉर्ट, आणि 1887 मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीचं लाँग रायफल: आज ऑलिम्पिकमध्ये चालतं ते हे शेवटचं. पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या पातळ काठात भरलेला असतो. पिन काठ चेचते आणि तो पेटतो, म्हणून हे रिमफायर. काठ चेचला जाण्यासाठी पितळ पातळ हवं, आणि एकदा चेचलेलं काडतूस पुन्हा भरता येत नाही. मोठ्या रायफलींचे शौकीन दारू तोलून, गोळी खोल-उथळ बसवून काडतूस रायफलीच्या मर्जीप्रमाणे घडवतात. रिमफायरवाल्याला ही सोय नाही. कारखान्यातून जे आलं ते आलं. त्याला फक्त निवड करता येते, आणि ती झाली की रायफल त्या काडतुसाशी जुळवून घ्यावी लागते.

म्हणूनच पहिला खर्च बेडिंगवर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. 50 मीटर पार करायला या गोळीला साधारण 0.16 सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती सव्वाशे मिलिमीटर खाली पडते. दोन गोळ्यांच्या वेगात एक टक्का, म्हणजे सेकंदाला सव्वातीन मीटरचा फरक असला, तर पडण्यात अडीच मिलिमीटरचा फरक येतो. तीन दशांश गेले, आणि त्यात स्टॉकचा काही संबंध नाही. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे ग्रुप देतात. त्यामुळे वरच्या पातळीवरचे खेळाडू इंग्लंडमध्ये सटन कोल्डफील्डला एलीच्या किंवा जर्मनीत शोनेबेकला लापुआच्या चाचणी केंद्रात स्वतःची रायफल घेऊन जातात आणि लॉटमागून लॉट मारून पाहतात.

या चाचणीची एक खुबी आपल्या विषयाच्या कामाची आहे. तिथे पुष्कळदा स्टॉक काढून ठेवतात. नळी आणि ॲक्शन एवढीच एका जड शिकंज्यात पकडतात आणि दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप घेतात. या आकड्यात नेमबाज नाही आणि बेडिंगही नाही. नळी आणि काडतूस मिळून जास्तीत जास्त काय करू शकतात, ते कळतं. मग तीच रायफल स्टॉकमध्ये बसवून, टेकूवर ठेवून, तोच लॉट मारायचा. ग्रुप जवळपास तेवढाच राहिला तर बैठकीला हात लावायचं कारण नाही. तो चांगलाच फुगला, तर मधल्या मध्ये चोरी होते आहे, आणि चोर स्टॉकमध्ये आहे. रोगनिदानाची याहून सरळ रीत मला माहीत नाही. ती सोडून, दुसऱ्यानं केलं म्हणून आपणही बेडिंग करून घेणारे लोक मात्र कुठल्याही रेंजवर भेटतात.

परदेशी जाणं प्रत्येकाला कुठून परवडणार? घरच्या निदानासाठी डायल गेज पुरतं, जे भोसरी-चिंचवडच्या कुठल्याही फिटरच्या पेटीत असतं. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करून, तिचा मागचा भाग मऊ जबड्याच्या व्हाइसमध्ये हलक्या हातानं धरायचा. गेजचा बेस नळीला पकडायचा आणि गेजची पिन स्टॉकच्या पुढच्या टोकाला टेकवून काटा शून्यावर आणायचा. मग पुढचा स्क्रू हळूहळू सैल करायचा. बैठक निरोगी असेल तर काटा जागचा हलणार नाही. दोन थाऊपर्यंत, म्हणजे 0.05 मिलिमीटरपर्यंत हलला तर जाणकार चालवून घेतात. दहा-पंधरा थाऊ सरकला तर समजायचं, की स्क्रू आवळल्यावर पोलाद वाकत होतं आणि सैल केल्यावर ते सुटकेचा श्वास टाकतं आहे. नंतर तो स्क्रू पुन्हा आवळून मागच्या स्क्रूची हीच परीक्षा घ्यायची. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते करताना अनेक महागड्या रायफलींचं पितळ उघडं पडतं.

ही बैठक बिघडते कशी? लाकडी स्टॉक असेल तर दोषी बहुधा पाऊस. अक्रोडाचं लाकूड शिरांच्या दिशेनं जवळजवळ बदलत नाही, पण आडवं ते हवेतला दमटपणा पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आटतं. पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर एप्रिलची कोरडी हवा आणि जुलैची ओली हवा यांत जो फरक असतो, तेवढ्यानं लाकडातला ओलावा तीन-चार टक्क्यांनी सहज वरखाली होतो. स्क्रू ज्या लाकडाला चिमटीत धरतो त्याची जाडी 30 मिलिमीटर धरली, तर ते पाव मिलिमीटरच्या जवळपास फुगतं. आता एम-6 स्क्रूचा एक फेरा म्हणजे 1 मिलिमीटर. म्हणजे कोणी हात न लावता जुलैमध्ये स्क्रू पाव फेरा जास्त आवळला गेला! वार्निश आणि तेल ही चाल मंद करतात, थांबवत नाहीत. आणि मे महिन्यात ढिला वाटला म्हणून तुम्ही स्क्रू आवळला असेल, तर पावसाळ्यात लाकूड त्या स्क्रूखाली चेपतं आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा ढिलं पडतं. असं दरवर्षी.

यावरचा उपाय म्हणजे पिलर. स्क्रूच्या भोकाभोवती लाकूड कोरून ॲल्युमिनियमची किंवा पोलादाची जाड नळकांडी बसवायची, एक तोंड ॲक्शनला टेकलेलं आणि दुसरं खालच्या पट्टीला. आता स्क्रू आवळला तर धातू धातूवर आवळला जातो. लाकूड फुगो नाहीतर आटो, ते त्या भांडणात पडत नाही. इतकी साधी कल्पना आहे, तरी कारखान्यातून येणाऱ्या कितीतरी पॉइंट टू टू रायफलींत ती नसते. कारण उघड आहे: पिलरचा खर्च दुकानाच्या काचेतून दिसत नाही.

पिलरनं उंची पक्की झाली. आता आकार. पूर्वी हे काम सर्वस्वी कारागिराच्या पटाशीवर चाले. दिव्याची काजळी पोलादाला फासायची, पोलाद खाचेत दाबायचं, उचलायचं, जिथे काळं लागलं तेवढंच लाकूड खरवडायचं, पुन्हा दाबायचं. आपल्या कारखान्यांतले फिटर याला ब्लू मॅचिंग म्हणतात आणि लेथच्या सरकपट्ट्या अजूनही तशाच बसवतात. एपॉक्सी आल्यावर या कष्टांना फाटा मिळाला. खाच मुद्दाम मोठी करायची, तिच्यात धातूची भुकटी मिसळलेली एपॉक्सीची लापशी भरायची आणि पोलादालाच तिच्यात आपला ठसा उमटवू द्यायचा.

हे काम नीट पाहण्यासारखं असतं. आपल्याकडे शस्त्र परवान्यावरच ठेवता येतं आणि त्याच्या दुरुस्तीलाही परवानाधारकच लागतो, तेव्हा हे अशा जाणत्या हातांनीच व्हावं. पण काय चाललं आहे ते मालकाला कळलेलं बरं. आधी ॲक्शनखालून आणि नळीच्या सुरुवातीच्या इंच-दोन इंचांखालून दोन-तीन मिलिमीटर लाकूड काढून टाकतात. फार पातळ थर नको, तो तडकतो. मग कारागीर जो वेळ घालवतो तो एपॉक्सीवर नाही, तर एपॉक्सीनं जिथे जाऊ नये त्या जागा बुजवण्यावर. ट्रिगरची खाच, पिनांची भोकं, प्रत्येक खोबण मुलांच्या खेळण्यातल्या मातीनं भरून नखानं सपाट करतात. एखाद्या तिरक्या खोबणीत एपॉक्सी शिरून घट्ट झाली, तर रायफल आणि स्टॉक जन्माचे एक होतात. मग करवत आणण्यावाचून गत्यंतर नसतं. त्यानंतर पोलादाला सगळीकडून मेण चोळतात. बरेच जण बुटाचं बिनरंगी पॉलिश वापरतात, दोन हात, मधे वाळू देऊन. स्क्रूच्या पेचांनाही पॉलिश, कारण विसर तिथेच पडतो.

पुढे नळीच्या ज्या भागाखाली स्टॉक येतो, तिथे टेपचे वेढे देतात, म्हणजे नळी खाचेच्या बरोबर मधोमध तरंगते. एपॉक्सीचे दोन्ही भाग तोलून घ्यायचे, सावकाश ढवळायचे; जोरानं फेटलं की हवेचे बुडबुडे आत राहतात आणि प्रत्येक बुडबुडा म्हणजे बैठकीतला खड्डा. आपल्याकडच्या मे महिन्यात घाईही लागते. तापमान दहा अंशांनी वाढलं की लापशी साधारण दुप्पट वेगानं घट्ट होते. डब्यावर लिहिलेली मिनिटं थंड देशांतली असतात.

आणि मग येते ती पायरी जिथे बहुतेक हौशी लोक घसरतात. पोलाद लापशीत दाबून बसवलं, चारी बाजूंनी एपॉक्सी बाहेर आली, आता हात शिवशिवतात ते स्क्रू आवळायला. आवळायचे नाहीत! स्क्रू फक्त जागा दाखवायला असतात. आवळलं तर पोलाद वाकेल, आणि लापशी त्या वाकलेल्या आकाराचाच ठसा घेऊन दगड होईल; तुम्ही पैसे मोजून दोष कायमचा करून घेतला. पोलाद स्वतःच्या वजनानं, फार तर रबरी पट्टीच्या दोन वेढ्यांनी, अगदी मोकळं पहुडलेलं हवं. त्या मोकळ्या आकाराचा ठसा घेणं हेच या साऱ्या उपद्व्यापाचं सार. बाहेर आलेली लापशी व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसतात आणि चोवीस तास कोणी हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी लाकडी हातोडीच्या दोन टपल्या, एक कोरडा 'टक्' आवाज, आणि पोलाद सुटून येतं. आत ॲक्शनवरच्या छापील अक्षरांचाही उलटा ठसा दिसला तर काम फत्ते.

नळीचं काय? तिला मोकळी सोडतात. सुरुवातीचे इंच-दोन इंच सोडले तर पुढे ती स्टॉकला कुठेही शिवू नये; कागदाची पट्टी नळीखालून तोंडापासून ॲक्शनपर्यंत अडखळल्याशिवाय सरकली पाहिजे. कारण थ्री पोझिशन्समध्ये उघडं दिसतं. पालथं पडून मारताना दंडाला बांधलेली स्लिंग स्टॉकच्या पुढच्या भागाला करकचून ओढते. उभं राहून मारताना स्लिंग नसते आणि रायफल कमरेवर टेकवलेल्या हातावर तोललेली असते. स्टॉक दोन्ही वेळा वेगळा वाकतो. नळी त्याला शिवत असेल तर तीही वेगळी दबते, आणि नेमबाजाला प्रत्येक पोझिशनसाठी साइट वेगळी लावावी लागते. तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिचला प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून, 600 पैकी 597 मारून जगज्जेतेपद घेतलं. साठ गोळ्यांत फक्त तीन गुण सुटले. स्लिंगचा ताण तासभर कमीजास्त होत असताना एवढी बरोबरी साधायची, तर नळीला स्टॉकची कुरबुर ऐकू येऊन चालत नाही.

तरीही मोकळ्या नळीचा हा नियम मी ब्रह्मवाक्य म्हणून सांगणार नाही. पहिल्या महायुद्धानंतर आलेली विंचेस्टर 52 ही अमेरिकेतली गाजलेली पॉइंट टू टू रायफल. तिच्या नळीला स्टॉकशी बांधणारा पट्टा असे, आणि तिनं ढिगानं स्पर्धा जिंकल्या. जाड, जड नळी मोकळी छान वागते. पण पेन्सिलीएवढ्या बारीक नळीच्या हलक्या रायफलींपैकी काही अशा असतात, की पुढच्या टोकाखाली थोडा दाब दिला की शांत होतात आणि ग्रुप आवळतो. दाबानं थरथर दमते, हे एक कारण. दुसरं जरा गमतीचं आहे: हळू गोळी नळीतून उशिरा बाहेर पडते, आणि त्या क्षणी नळीचं तोंड वर झेपावत असेल तर हळू गोळीला आपोआप थोडी उंची मिळते, जी तिच्या जास्तीच्या पडण्याची भरपाई करते. हा मेळ बसला तर काडतुसातला वेगाचा दोष नळीच झाकते. अशा रायफलीची नळी पुस्तकात वाचून मोकळी केली, तर ग्रुप उलट बिघडतो. म्हणून लाकूड कायमचं खरवडण्याआधी जुन्या व्हिजिटिंग कार्डाची घडी नळीखाली सरकवून दहा-वीस गोळ्या मारून पाहाव्यात. घडी काढता येते, खरवडलेलं लाकूड परत लावता येत नाही.

सगळ्यात अडचणीची बैठक पाहायची तर 1964 पासून अमेरिकेत लाखोंनी खपलेली रूगर 10/22 बघावी. ॲक्शनचं घर ॲल्युमिनियमचं, त्याला स्टॉकशी धरणारा स्क्रू एकच, आणि नळी घराला पेचानं न जोडता एका व्ही आकाराच्या ठोकळ्यानं ओढून धरलेली. मूळची हलकी नळी आणि पुढचा पट्टा असेपर्यंत हे ठीक चालतं. हौशी माणूस तिला जाड मॅच नळी लावतो, पट्टा काढतो, 'मोकळी केली' म्हणून खूश होतो, आणि ती जड नळी एवढ्याशा आधारावर पुढे लोंबकळते. इथे नळीखालच्या बैठकीची लांबी वाढवणं किंवा मागे दुसरा स्क्रू देणं भाग पडतं.

वरच्या पातळीवर लाकूड आता मागे पडलं आहे. 1856 पासून बंदुका करणाऱ्या, आता उल्म इथल्या आन्शुट्झसारख्या कंपन्यांचे मॅच स्टॉक ॲल्युमिनियमचे आले. खाच यंत्रावर कोरलेली, गोल ॲक्शन दोन तिरक्या पृष्ठांवर व्ही आकारात टेकते, एपॉक्सी लागत नाही. पावसाचा प्रश्न मिटला. उन्हाचा मिटला नाही, कारण ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. दोन स्क्रूंत 200 मिलिमीटर अंतर धरलं तर वीस अंशांच्या फरकाला दोन धातूंत 0.04 मिलिमीटरची तफावत येते. हे सरकणं लांबीच्या दिशेनं असतं म्हणून बरंचसं माफ, पण खाचेत कचरा किंवा गंज असेल तर पोलाद सरकण्याऐवजी अडकतं. त्यामुळे ॲल्युमिनियमवाल्यांनीही वर्षातून एकदा स्टॉक उघडून ती दोन पृष्ठं पुसावीत.

आणि स्क्रू टॉर्क रेंचनंच आवळावेत. मॅच रायफलींत 5 न्यूटन-मीटरच्या आसपासचा आकडा नेहमीचा. पिलर नसलेल्या लाकडाला त्याहून कमी. काही जण टॉर्क थोडाथोडा बदलत ग्रुप घेतात आणि सगळ्यात लहान ग्रुपचा आकडा पवित्र मानतात. इथे सावध राहावं. पाच गोळ्यांचा ग्रुप फार लहरी असतो. काहीही न बदलता तो दीडपट-दुप्पट वरखाली होतो. दहा गोळ्यांचे चार-पाच ग्रुप, एकाच लॉटचे, वारा पडलेला असताना घेतल्याशिवाय दोन टॉर्कमधला फरक खरा की नशिबाचा हे कळत नाही. शिवाय बैठक खरोखरच चांगली असेल, तर अर्धा न्यूटन-मीटर इकडेतिकडे झाल्यानं काही बदलत नाही. टॉर्कला फार नखरे करणारी रायफल भेटली, की मी डायल गेज मागवायला सांगतो.

बेडिंग नवं झाल्यावर मात्र काडतुसांची चाचणी पुन्हा घ्यावी, आणि या वेळी स्टॉकसकट. आधी नापास केलेले एक-दोन लॉट कपाटात पडलेले असतात. त्यांचा दोष काडतुसाचा होता की बैठकीचा, हे तेव्हा ठरवलेलंच नसतं. बोल्टला तेल बेतानं घालावं. ते पाझरून स्टॉकमध्ये उतरलं की एपॉक्सीखालचं लाकूड भुसभुशीत होतं आणि पक्का ठसा मऊ गादीवर तरंगायला लागतो. लाकडी स्टॉकवाल्यांनी दसऱ्याच्या सुमारास, पावसाची ओल सुकली की, गेजची ती पाच मिनिटांची परीक्षा पुन्हा घ्यावी आणि काट्याचा आकडा वहीत तारखेसकट लिहून ठेवावा.